ब्रायन्डलच्या नावाचे दोन ठोके

आमच्या वेर्बोवेत्समध्ये सकाळ कोंबड्यानं होत नसे, हास्कलच्या मोगरीनं होत असे.

तेरेस्वा नदी डोंगरातून धावत येते आणि जिथं पहिल्यांदा जरा दम खाते, तिथं आमचं गाव. वर जंगल, खाली पाणी, मधल्या उतारावर लाकडी घरं. उजाडायच्या सुमारास हास्कल एकेका यहुदी घरापुढं थांबे आणि खिडकीच्या फळीवर लाकडी मोगरीनं तीन ठोके मारी. उठा, प्रार्थनेला चला. गावात कुणी वारलं असेल त्या सकाळी मात्र तो दोनच मारी. तिसरा ठोका आला नाही की अंथरुणातला माणूस श्वास धरून पडून राही. मग बायका उठून घरात भरून ठेवलेलं पाणी बाहेर ओतून देत, आणि पुरुष दार उघडून एवढंच विचारत, "कोण?"

फ्रिमेत ही हास्कलची एकुलती मुलगी. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. पोर उंच, हाडकुळी, लांब हातांची, बोलायला कमी. ती पंधरा वर्षांची असताना हास्कलची बोटं सांध्यांशी सुजली आणि थंडीत त्याला मोगरी धरवेना. ते काम गेलं असतं तर हास्कलचं पोट उपाशी राहिलं नसतं, तो लाकडं फोडायचा, चाकं दुरुस्त करायचा. पण त्याची मान खाली गेली असती. तेव्हा एका सकाळी फ्रिमेतनं बापाचा कोट चढवला, टोपी कानांवर ओढली आणि मोगरी घेऊन निघाली.

निघताना हास्कल म्हणाला, "एक लक्षात ठेव. तिसरा ठोका गाळायचा तो फक्त मेलेल्यासाठी. जिवंत माणसासाठी दोन ठोके मारणं म्हणजे त्याला आपल्या हातानं ढकलणं. घाई झाली, बर्फ पडला, कुत्रं मागं लागलं, तरी तीन."

मुलीनं उठवलेले पुरुष प्रार्थनेला कसे जाणार, असा वाद आमच्या गावानं वर्षभर चालवला असता. म्हणून कुणाला कळू द्यायचं नाही असं बापलेकीनं ठरवलं. तिसऱ्याच दिवशी पावाच्या भट्टीवाल्या लाझारची बायको ब्रायन्डल दार उघडून उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

"हास्कल, जरा इकडं ये."

कोटातली फ्रिमेत जागची हलली नाही.

"इकडं ये म्हणते ना! बारा वर्षं तुझा बाप माझ्या खिडकीची फळी फोडतोय. आज तीन दिवस कुणीतरी ती कुरवाळतंय. मला काय कळत नाही होय?"

"मावशी, कुणाला सांगू नकोस."

"सांगणारच होते. पण आधी नीट शिकवते, मग सांगते. मनगट सैल सोड. अशी थापटी मारून माझा नवरा उठणार आहे? त्याच्या छातीवर गाय बसली तरी तो कूस बदलतो. हं, मार पुन्हा."

फ्रिमेतनं मारले. आतून लाझार ओरडला, "आग लागली का काय?"

"लागली नाही, तुम्हीच लावायची आहे. भट्टी पेटवा!" ब्रायन्डल आत ओरडली आणि फ्रिमेतच्या हातात एक गरम पाव कोंबून तिनं दार लावून घेतलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. पाच वर्षं सांगितलं नाही. ब्रायन्डलला मूल नव्हतं आणि जीभ होती, असं गाव म्हणायचं. पण रोज सकाळी तिच्या खिडकीत फडक्याखाली एक गरम पाव असायचा, हे गावाला ठाऊक नव्हतं.

मग लढाई आली. बेचाळीस साली हंगेरियन सरकारनं आम्हा यहुदी पुरुषांना मजूर पलटणीत नेलं. लाझार गेला, मीही गेलो. बर्फात खंदक खणायला. मागं गावात म्हातारे, बायका आणि पोरं राहिली. पुढची तीन वर्षं आम्ही गाव पाहिलं नाही, म्हणून इथून पुढचं मी फ्रिमेतकडून ऐकलेलं सांगतो. ती पुढं माझी बायको झाली. चाळीस वर्षांच्या संसारात हे तिनं मला थोडं थोडं करून सांगितलं, बहुतेक वेळा बटाटे सोलताना.

चव्वेचाळीसचा वल्हांडण सण संपला आणि टोपीत कोंबड्याची पिसं खोवलेले हंगेरियन शिपाई गावात आले. संध्याकाळी दवंडी पिटली गेली. सगळ्या यहुद्यांनी सकाळी आठला शाळेच्या अंगणात यायचं, माणशी एक बोचकं.

त्या सकाळी हास्कल म्हणाला, "आज मी जातो." बोटं मिटत नव्हती. फ्रिमेतनं आपल्या ओढणीनं मोगरी त्याच्या हाताला बांधून दिली. तो एकही घर न चुकवता साऱ्या गावातून फिरला आणि प्रत्येक फळीवर त्यानं तीन ठोके मारले.

ब्रायन्डल दारातच उभी होती. "हास्कल, आज तरी दोन मारायचे होतेस."

"का? कुणी मेलंय?"

ब्रायन्डलनं नुसती मान हलवली.

"मग तीन," हास्कल म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला.

तीन आठवडे विटांच्या कारखान्यात, तीन दिवस बंद डब्यात, आणि मग पोलंडातली ती मोठी छावणी. तिथलं सगळं जगाला ठाऊक आहे, माझी लेखणी तिथं चालत नाही. एवढंच सांगतो की फलाटावर हास्कलला म्हाताऱ्यांच्या रांगेत पाठवलं. फ्रिमेत त्याच्यामागं निघाली होती. ब्रायन्डलनं तिची वेणी धरून तिला मागं ओढलं, इतक्या जोरात की ती पडली. उठेपर्यंत रांग पुढं गेली होती. दुपारी ती वेणीही राहिली नाही.

हास्कल परत आला नाही.

त्या दिवसापासून फ्रिमेतनं मनाशी एकच गोष्ट धरली. तिला नावानं ओळखणारं, तिच्या बापाचं नाव ठाऊक असलेलं तिच्याजवळ एकच माणूस उरलं होतं. ब्रायन्डलला जिवंत घरी न्यायचं आणि लाझारच्या हाती द्यायचं. त्याहून जास्त देवाकडं काही मागायचं नाही, असा तिनं देवाशी सौदाच केला.

पानगळीच्या दिवसांत दोनशे बायकांना तिथून काढून बोहेमियाच्या डोंगरातल्या एका सूतगिरणीत नेलं. जवसाच्या धाग्याची गिरणी. हवेत सतत कोंडा उडायचा, बायका खोकायच्या, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. झोपायला गिरणीच्या माळ्यावर तीन मजली फळ्या. पहाटे पहारेकरीण शिट्टी फुंकत वर यायची, आणि शिट्टीनं उठलेली बाई आधी थरथरायची, मग तिला आपण कोण ते आठवायचं.

फ्रिमेतची जुनी सवय. शिट्टीच्या पाव तास आधी तिचे डोळे आपोआप उघडायचे. एका सकाळी तिनं खिशातली, गिरणीत धागा गुंडाळायची लाकडी कांडी काढली आणि फळीच्या खांबावर हलकेच मारली. तीन वेळा.

वरून आवाज आला, "कोण मेलं ते झोपू देईना?"

ती शेवा. सिगेत शहरातली शिंपीण, गावठी माणसांची थट्टा करण्यात पटाईत.

"कुणी मेलं नाही," फ्रिमेत म्हणाली. "म्हणूनच तीन."

दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी अंधारातच म्हणालं, "आमच्याकडं पण असंच होतं. आमचा ठोकणारा लंगडा होता." आणि मग आणखी कुणीतरी आपल्या गावच्या ठोकणाऱ्याचं नाव सांगितलं, आणखी कुणीतरी. त्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा सगळा माळा उठून बसलेला होता. कुणी तोंडावर पाणी मारलं होतं, कुणी आठवतील तितके प्रार्थनेचे शब्द म्हटले होते. पाव तास, पण आपला.

तेव्हापासून रोज. पहारेकरणीनं एकदा विचारलं, हा आवाज कसला? शेवा साळसूदपणे म्हणाली, "लाकूड आहे बाई, थंडीनं तडकतं." हिवाळाभरात चार सकाळी फ्रिमेतला दोनच ठोके मारावे लागले. ओतून द्यायला पाणी नव्हतं. बायका तशाच बसून राहत, आणि अंधारातून कुणीतरी विचारी, "कोण?" तेवढी विचारपूस तरी मेलेलीच्या वाट्याला यायची.

मार्चमध्ये ब्रायन्डलला ताप भरला. अंगावर पुरळ, डोळे लाल. आजाऱ्यांच्या खोलीत गेलेली बाई परत येत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून हजेरीला फ्रिमेत एका बाजूनं आणि शेवा दुसऱ्या बाजूनं तिला खांद्यांनी चेपून उभी करत. मग शेवा तिला जवसाच्या गठ्ठ्यांमागं निजवून वर कोंडा पसरी, आणि फ्रिमेत दोन यंत्रं चालवी, आपलं आणि ब्रायन्डलचं. इकडचा धागा जोडायचा, तिकडं पळायचं, तिकडचा जोडायचा, परत इकडं. बारा तास. तिचे ते लांब हात त्या दिवसांत कामी आले.

"पोरी, तू माझ्यासाठी का मरतेस?" ब्रायन्डल कोंड्याखालून म्हणायची.

"मरत नाहीये. पळतेय. गप्प पड."

"मोठ्या माणसाला गप्प पड म्हणतेस? हास्कल असता तर..."

"हास्कल असता तर त्यानं तुला दोरीनं यंत्राला बांधलं असतं."

नवव्या सकाळी फ्रिमेत उठली आणि तिनं नेहमीसारखा शेजारी हात लावला. ब्रायन्डलचा हात दगडासारखा गार. तिनं कपाळ चाचपलं, तेही गार. तोंडाजवळ गाल नेला, काही लागलं नाही. हाक मारली, मनगट दाबलं, पुन्हा हाक मारली.

किती वेळ बसली ते तिला आठवत नाही. मग तिनं कांडी काढली आणि खांबावर दोन ठोके मारले.

माळा जागा झाला आणि तसाच राहिला. "कोण?" कुणीतरी विचारलं.

"ब्रायन्डल. लाझारची."

कोपऱ्यातून मीरल, धर्मविधीनं जनावर कापणाऱ्या एका खाटकाची लेक, जिला बापानं पोथ्यांतलं सगळं शिकवलं होतं, तिनं मयताच्या वेळचे शब्द म्हटले. शेवा खाली उतरली. ती रडत होती, आणि रडता रडता ब्रायन्डलचे बूट काढत होती. तिथं ते पाप नव्हतं. बूट मेलेलीच्या पायात राहिले तर पहारेकरणीच्या पोत्यात जायचे.

डावा बूट निघाला. उजव्याला ती हात घालते तोच फळीवरून खरखरता आवाज आला.

"कोण गेलं?"

शेवा बूट हातात धरून तशीच उभी.

"बहिऱ्या झालात का सगळ्या? दोन ठोके ऐकले मी. कोण गेलं?"

"मावशी," फ्रिमेत म्हणाली, "तू."

ब्रायन्डलनं डोळे उघडले. "मी? आणि मला कुणी सांगितलं नाही?" मग तिचं लक्ष पायाकडं गेलं. "शेवे, ठेव तो बूट खाली. तुझ्या पायाला तो मोठा होतो."

शेवा हसली की रडली ते कुणाला कळलं नाही. सगळा माळा एकदम बोलू लागला. तापानं रात्रीत घाम सोडला होता, अंग गार पडलं होतं, श्वास सुताएवढा बारीक झाला होता. एवढंच झालं होतं. पण फ्रिमेत खांबाला टेकून खाली बसली. जिवंत माणसासाठी तिनं दोन ठोके मारले होते. बापानं एकच गोष्ट सांगितली होती, तीच तिनं मोडली होती, आणि तीही याच माणसाच्या बाबतीत.

"मी ढकललं तिला," ती म्हणाली. "आज नाही तर उद्या. बाबा म्हणायचे तसं."

"वेडी आहेस," शेवा म्हणाली. "लाकडावर लाकूड आपटल्यानं कुणी मरत नाही. मरायचं असतं तर माझ्या शिवणाच्या यंत्रानं सगळं सिगेत मेलं असतं."

"ते तुमच्या शहरात."

आता मीरल खाली उतरून आली. बारीक चणीची, भुवया नसलेली मुलगी, पण बोलायला लागली की रब्बीच बोलतोय असं वाटे. "ठोके पडले ते पडले, मागं घेता येत नाहीत. ब्रायन्डल गेली असं जाहीर झालं. पण आजारी माणसाचं नाव बदलतात ना? मृत्यूचा दूत नाव वाचत येतो आणि त्या नावाचं कुणी सापडलं नाही की परत जातो. आपण नाव बदलू."

"त्याला दहा पुरुष लागतात," एक जण म्हणाली. "स्तोत्रं म्हणायला."

"आणू कुठून दहा पुरुष? जर्मन घेऊ?"

"दहा बायका चालत नाहीत."

"मग वीस घ्या. देवाला आज निवडीला जागा आहे कुठं?"

"आणि नवं नाव जुन्याच्या पुढं लावतात, जुनं काढत नाहीत," आणखी कुणीतरी म्हणालं.

"जुनं नको." हे ब्रायन्डलच बोलली, डोळे मिटून. "जुनं या पोरीनं पुरलं. छान पुरलं, दोन ठोक्यांत. मला पूर्ण नवं द्या."

मीरलनं तिला नाव दिलं आल्टे. आल्टे म्हणजे म्हातारी. आमच्याकडं मरता मरता वाचलेल्या पोरींना ते नाव देतात, म्हणजे त्या म्हाताऱ्या होईपर्यंत जगतील. वीस-बावीस बायकांनी आठवेल तसं स्तोत्र म्हटलं, कुणाला सुरुवात येत होती, कुणाला शेवट. मग शिट्टी झाली.

त्या दिवसापासून ती बाई हट्टाला पेटली. कुणी चुकून ब्रायन्डल म्हणून हाक मारली की ती वळत नसे. "ती वारली," म्हणे. "काय काम होतं तिच्याकडं?" तिला ताकद नव्हती, पण चुका पकडायला आवडायचं, आणि दिवसभरात दहा जणी चुकायच्या. शेवा तर मुद्दाम चुकायची. फ्रिमेत मात्र कधी चुकली नाही. तिला ते जुनं नाव तोंडातून काढायचीच भीती बसली होती. आणखी सहा दिवस ती दोन यंत्रांमध्ये पळत होती. सातव्या दिवशी आल्टेनं सूपाचं भांडं हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, "हे सूप आहे की कुणी पाय धुतलेत?" फ्रिमेतनं यंत्राकडं तोंड फिरवलं. आता ही जगणार, हे तिला तेव्हा कळलं.

मे महिन्यात एका सकाळी शिट्टी झालीच नाही. पहारेकरणी गेल्या होत्या, फाटक उघडं होतं, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला चेरीची झाडं फुलून उभी होती. बायका बराच वेळ फाटकाच्या आतच थांबल्या. मग शेवा पुढं झाली आणि चेरीची एक फांदी मोडून घेऊन परत आत आली. बाहेर जाऊन आत यायचं, फक्त करून बघण्यासाठी.

आठवडाभरानं मदत समितीचा एक कारकून टेबल मांडून बसला. नाव, आडनाव, गाव. या याद्या प्राग, बुडापेस्ट सगळीकडं भिंतींवर लागणार होत्या, जिवंत राहिलेल्यांनी एकमेकांना शोधावं म्हणून.

"आल्टे राइसमान," ती म्हणाली. "वेर्बोवेत्स."

"मावशी," फ्रिमेत कानात म्हणाली, "लाझारकाका कुठं असतील तर ते यादीत जुनं नाव शोधतील."

"ती वारली."

"निदान दोन्ही लिही. आधी नवं, मग..."

"तू म्हणून दाखव जुनं. मोठ्यानं. या माणसाला सांग माझं नाव ब्रायन्डल आहे. आहे तुझी हिंमत?"

फ्रिमेतनं तोंड उघडलं. ते नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. समजा म्हटलं, आणि उद्या सकाळी हात पुन्हा गार लागला तर? तिनं मान खाली घातली. कारकुनानं आल्टे लिहिलं, त्याखाली फ्रिमेत, हास्कलची मुलगी, आणि पुढचीला बोलावलं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगायला हवं.

जूनमध्ये मी बुडापेस्टमध्ये होतो. हाडं आणि एक लष्करी कोट, एवढाच मी उरलो होतो. लाझार माझ्याआधी गावाला पोहोचला होता, आणि निघताना त्यानं मला सांगितलं होतं, "मेखल, तू शहरातून येशील तेव्हा याद्या नीट बघ." मी नीट बघितल्या. चार दिवस त्या भिंतींपुढं उभा होतो. माझं स्वतःचं कुणी नव्हतं. हास्कलची फ्रिमेत सापडली. तिच्या वर एक आल्टे राइसमान होती, आमच्याच गावची. आमच्या गावात अर्धं गाव राइसमान. मी डोकं खाजवलं. आल्टे नावाची एकच बाई मला आठवत होती, रस्त्यापलीकडची, ऐंशी वर्षांची. त्या वयाचं माणूस तिथून परत येत नसतं. कारकुनाची चूक असेल, असं मी म्हटलं. ब्रायन्डल कुठंच नव्हती.

मी गावाला आलो आणि लाझारला सांगितलं. "हास्कलची पोरगी आहे. तुझी नाही."

आम्ही अकरा जण परतलो होतो. यहुद्यांची सगळी घरं रिकामी. लाझारच्या घराला दार नव्हतं, भट्टी मात्र शाबूत होती. शोकाची रीत म्हणून त्यानं शर्टाची कॉलर फाडली आणि एका उपड्या खोक्यावर सुतकाला बसला.

मी म्हणालो, "लाझार, बातमी इतक्या उशिरा कळली तर सात दिवस बसत नाहीत. एक तास बसायचं, आणि उठायचं. नियम आहे."

"एक तास?" तो म्हणाला. "तिच्याशी भांडायला मला कधी एक तास पुरला नाही. आता पुरेल होय?"

तो सात दिवसांसाठी बसला. नियमाविरुद्ध बसला. मी शेजारच्या वासिलकडून अंडी आणायचो, उकडायचो आणि त्याच्यापुढं ठेवायचो, शोकाच्या घरी ठेवतात तशी. तो एखादं खायचा.

पाचव्या दिवशी दुपारी अंगणात पावलं वाजली. कोळशाच्या डब्यांवरून आणि गवताच्या गाड्यांवरून साडेतीन आठवडे प्रवास करून आलेल्या दोन बायका. दोघींच्या डोक्यावर बोटभर केस. एक उंच, ती अंगणातच थांबली. दुसरी सरळ आत आली. मी तिला ओळखलं नाही. लाझारनं खोक्यावरून वर पाहिलं आणि त्याच्या हातातलं अंडं खाली घरंगळलं.

"अहो, कुणासाठी बसलात?" ती म्हणाली.

लाझारचे ओठ हलले. "ब्रायन्डलसाठी."

"चांगलं केलंत. ती वारली. फ्रिमेतला विचारा, तिनंच जाहीर केलं. मी आल्टे. किती दिवस बसलात?"

"पाचवा."

"पाच दिवस भट्टी थंड?"

लाझार उठला. त्याचे पाय बसून बसून बधिर झाले होते, तो भिंतीला धरत तिच्याजवळ गेला आणि पिठानं माखल्यासारखा तिचा चेहरा दोन्ही तळव्यांनी पुसू लागला. ती त्याला पुसू देत होती आणि बडबडत होती, की कॉलर फाडायची तर शिवणीवर फाडायची, हे असं उभं कशाला फाडलं, आता ते सांधायचं कुणी.

मी बाहेर आलो. फ्रिमेत अंगणातच होती, चालत्या गाडीतून उतरल्यासारखी, पुढं कुठं जायचं ते न कळलेली. तिचं काम झालं होतं. रस्त्यापलीकडं तिच्या बापाचं घर होतं, त्याचं छप्पर कुणीतरी उचलून नेलं होतं. ती तिकडं बघत होती.

"मी यादीत तुझं नाव वाचलं होतं," मी म्हणालो, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"वरचं नाही वाचलं?"

"वाचलं. कळलं नाही."

ती माझ्याकडं बघून हसली. पहिल्यांदाच.

"फ्रिमेत!" आतून हाक आली. "तुला काय निमंत्रण पाठवू? आत ये. हे माझ्या मयताचं जेवण आहे, कुणी खायचं ते मी ठरवणार. मेखल, तूही नुसता उभा राहू नकोस. या घरात पिठाचा कण नाही."

मी वासिलकडं गेलो आणि टोपलीभर मक्याचं पीठ घेऊन आलो. परत आलो तेव्हा ताटलीत टरफलांचा ढीग होता, भट्टीतून धूर निघत होता, आणि तिघंही एकदम बोलत होती. फ्रिमेतला भट्टीमागची उबदार खोली द्यायची की खिडकीकडची, यावरून. लाझार म्हणत होता भट्टीमागची. आल्टे म्हणत होती, पोरीला सकाळचा उजेड लागतो, खिडकीकडचीच. फ्रिमेत म्हणत होती, मला कुठंही चालेल, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.